प्रत आणि प्रवाह : चित्रपटाच्या पाठचिकित्सेचा प्रश्न

१

ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीविषयी विधान करणारा अभ्यासक ती ओवी कोणत्या प्रतीतली, हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाची परंपरा सांगणाऱ्या प्रती आणि राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत यांतील अंतर लक्षात घेणे हा मराठीच्या अभ्यासाचा प्राथमिक शिष्टाचार झालेला आहे. मात्र याच शिष्टाचारात वाढलेला अभ्यासक प्रभातच्या 'संत तुकाराम'विषयी (१९३६) लिहू लागला, की प्रतीचा प्रश्न त्याला पडेनासा होतो. त्याने पाहिलेला चित्रपट पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटवरचा होता, दूरदर्शनवरून प्रक्षेपित झालेला होता, व्हीएचएस फितीवरचा होता, दोन तबकड्यांत चिरलेल्या व्हीसीडीवरचा होता की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाहत आलेला होता, याची नोंद बहुतेक प्रबंधांतून आढळत नाही. चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक आणि साल दिले की संदर्भ पुरा झाला, असे मानले जाते. साहित्याच्या बाबतीत अक्षम्य ठरणारी ही सैल वृत्ती चित्रपटाच्या बाबतीत स्वाभाविक का वाटावी, हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे.

गेल्या काही वर्षांत चित्रपटाच्या रसिकवर्तुळांत एक वाद वारंवार उपस्थित होतो. घरी तबकड्यांचा संग्रह बाळगावा, की मागणीबरहुकूम प्रवाहित होणाऱ्या अंकीय माध्यमावर विसंबावे? हा वाद बहुधा सोय, खर्च, कपाटातील जागा आणि स्मरणरंजन यांच्या पातळीवर चालतो. एका बाजूला हाताळता येणाऱ्या वस्तूविषयीचा जिव्हाळा, दुसऱ्या बाजूला अडगळीतून सुटका. या पातळीवर तो वाद समीक्षेच्या कक्षेत येण्याचे काही कारण नाही. परंतु त्याच्या पोटात संहितेच्या अस्तित्वरीतीविषयीचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो मांडायचा तर आधी वादाची परिभाषाच दुरुस्त करून घ्यावी लागते.

'वस्तुरूप विरुद्ध अंकीय' ही विभागणी मुळात चुकीची आहे. डीव्हीडी ही अंकीयच असते. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली व्हीसीडीही अंकीयच होती. २००६ पासून बाजारात आलेली ब्लू-रे तबकडीही तशीच. संग्राहकाच्या कपाटातील रांगेत अंकीय नसलेली वस्तू असलीच तर ती एखादी बुरशी धरलेली व्हीएचएस कॅसेट. तेव्हा खरा भेद माध्यमाच्या द्रव्याचा नसून संहितेशी येणाऱ्या संबंधाचा आहे. एका ठिकाणी वाचकाच्या हाती प्रत येते. दुसऱ्या ठिकाणी त्याला केवळ प्रवेश मिळतो, आणि तो देणारा कोणत्याही क्षणी काढून घेऊ शकतो. म्हणून या लेखात 'प्रत' आणि 'प्रवाह' अशी जोडी वापरली आहे.

२

नेल्सन गुडमन यांनी 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) या ग्रंथात कलाकृतींचे दोन वर्ग कल्पिले होते. चित्रासारख्या कलेत अस्सल आणि नक्कल यांतील भेद निर्णायक असतो. कितीही हुबेहूब उतरवले तरी दुसरे चित्र हे दुसरेच राहते. कादंबरीच्या बाबतीत तसे नसते. अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा क्रम बिनचूक असेल तर 'रणांगण'ची कोणतीही प्रत ही अस्सल 'रणांगण'च असते; कागद पिवळा असो की पांढरा, खिळे शिशाचे असोत की संगणकाचे. पहिल्या वर्गाला स्वहस्तनिष्ठ आणि दुसऱ्याला वर्णनिष्ठ म्हणता येईल. वर्णनिष्ठ कलेला एक वर्णमाला असते, आणि त्या वर्णमालेमुळेच तिची नक्कल शक्य होते. एवढेच नव्हे, तिची नक्कल आणि तिचे अस्तित्व यांत अंतर उरत नाही.

सेल्युलॉइडवरचा चित्रपट या विभागणीत अवघडून बसतो. त्याच्या प्रती अनेक निघतात, परंतु त्या ठशावरून निघतात. निगेटिव्हवरून प्रिंट, प्रिंटवरून पुन्हा निगेटिव्ह, त्यावरून पुन्हा प्रिंट अशा प्रत्येक पायरीवर छायांचे काही सूक्ष्म अंश गळतात, ओरखडे वाढतात, करड्या रंगाच्या मधल्या छटा काळ्यात किंवा पांढऱ्यात विरून जातात. ही झीज लेखनिकाच्या हस्तदोषासारखी नाही. लेखनिक 'व'चा 'ब' करतो तेव्हा मूळ काय असावे याचा तर्क भाषेच्या ज्ञानावरून करता येतो. विरलेल्या छटेला व्याकरण नसते. म्हणूनच चित्रपटाच्या पाठचिकित्सेत प्रत्येक जुनी प्रिंट ही अपरिहार्य साक्षीदार ठरते. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, छायाचित्राच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत असताना त्यांतील अस्सल कोणती हे विचारण्यात अर्थ नाही, असे प्रतिपादन केले होते. तत्त्वतः ते मान्य केले, तरी अभिलेखागारात काम करणाऱ्याचा अनुभव नेमका उलटा आहे. निगेटिव्ह नष्ट झाल्यावर मागे राहिलेल्या पाच प्रिंटांपैकी कोणती मुळाला जवळची, हाच त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न असतो.

अंकीकरणाने चित्रपटाला प्रथमच एक वर्णमाला दिली. प्रत्येक चौकट अंकांत लिहिली गेली, की तिची शंभरावी नक्कल पहिलीइतकीच अचूक असते. गुडमन यांच्या परिभाषेत बोलायचे तर चित्रपट स्वहस्तनिष्ठ वर्गातून वर्णनिष्ठ वर्गात गेला, कादंबरीच्या पंक्तीला येऊन बसला. ही घटना चित्रपटाच्या इतिहासात बोलपटाच्या आगमनाइतकी महत्त्वाची मानायला हवी होती. पण येथेच एक विपर्यास घडला. ज्या माध्यमाने बिनचूक प्रत अमर्याद संख्येने काढण्याची सोय निर्माण केली, त्याच माध्यमाचा वापर करून वितरणव्यवस्थेने वाचकाच्या हाती प्रतच न देण्याची व्यवस्था रूढ केली. नेटफ्लिक्स या कंपनीचा प्रवास येथे उद्बोधक आहे. १९९८ पासून ती टपालाने डीव्हीडी भाड्याने देत होती, २००७ पासून तिने प्रवाह सुरू केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तबकड्यांचा व्यवहार पूर्णपणे थांबवला. पाव शतकात प्रत संपली आणि प्रवाह उरला.

३

प्रत हाती असणे म्हणजे काय, याची किंमत पुण्याइतकी क्वचितच अन्य कोणत्या शहराने मोजली असेल. फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली तेव्हा भारतीय मूकपटांचे युग संपून तीन दशके उलटली होती. तेराशेहून अधिक मूकपटांपैकी आज तीसच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांच्या रूपात. १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. पहिला भारतीय बोलपट हा आज केवळ जाहिराती, छायाचित्रे आणि आठवणी यांवरून अभ्यासावा लागतो. नष्ट झालेल्या ग्रंथाची नावनिशी इतर ग्रंथांतील उल्लेखांवरून जुळवावी तसा हा प्रकार. संग्रहालयाच्या उभारणीचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते पी. के. नायर १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि २०१६ मध्ये पुण्यातच निधन पावले. फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेल्या रिळांवरून 'कालिया मर्दन' (१९१९) पुन्हा जुळवण्याचे त्यांचे काम हे शब्दशः पाठसंशोधन होते. दृश्यांचा क्रम कोणता, मधला तुकडा कोठला, कोणती उपशीर्षके कोणत्या दृश्यापुढची, हे सर्व निर्णय संपादकाचे निर्णय होत. चित्रपटाच्या इतिहासकारांनी नायर यांची गणना संग्राहकांत केली. वस्तुतः त्यांचे स्थान सुकथनकरांच्या परंपरेत शोधायला हवे.

सुकथनकरांचा उल्लेख केवळ अलंकारिक नाही. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती बाराशेहून अधिक हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झाली. सुकथनकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत आपली भूमिका स्पष्ट केली होती. व्यासांचे मूळ महाभारत परत मिळवल्याचा दावा त्यांनी केलेला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके मागचे रूप, एवढाच त्यांचा दावा होता. असा दावा करता आला याचे कारण हस्तलिखिते विखुरलेली होती. काश्मीरमधील शारदा लिपीतील प्रत आणि दक्षिणेकडील ग्रंथलिपीतील प्रत एकाच मालकाच्या ताब्यात नव्हत्या, एकाच वेळी एकाच हाताने त्या दुरुस्त केल्या जाणे शक्य नव्हते. पाठचिकित्सेचा पाया साक्षीदारांच्या परस्पर-स्वातंत्र्यात असतो. प्रवाहाच्या व्यवस्थेत चित्रपटाचा एकच साक्षीदार असतो, आणि मालक, लेखनिक, ग्रंथपाल या तिन्ही भूमिका तोच वठवतो.

प्रतींच्या विखुरलेपणाने काय साधते, हे सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या बाबतीत सर्वांत नाट्यमय रीतीने दिसले. १९९२ च्या मानद ऑस्कर पुरस्कारानंतर राय यांचे चित्रपट जतन करण्याच्या प्रयत्नात मूळ निगेटिव्ह लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेत गेल्या होत्या, आणि जुलै १९९३ मधील आगीत त्या होरपळल्या. जळके अवशेष टाकून न देता जपून ठेवले गेले. दोन दशकांनी, बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ पट्ट्यांना पुन्हा ओलावा देऊन, पापुद्रे सोडवून, 'पथेर पांचाली'च्या मूळ निगेटिव्हचा सुमारे चाळीस टक्के भाग वापरण्याजोगा करण्यात आला. 'अपूर संसार'च्या निगेटिव्हचा उपयोग होऊ शकला नाही. उरलेला भाग जगातील इतर अभिलेखागारांतील प्रतींवरून भरून काढला गेला आणि २०१५ मध्ये त्रयी नव्या रूपात लोकांसमोर आली. आज जो 'पथेर पांचाली' पाहिला जातो तो या अर्थाने एक चिकित्सक आवृत्ती आहे, अनेक साक्षीदारांच्या जुळणीतून उभा राहिलेला पाठ आहे. तो अंकीय आहे. परंतु त्याची शक्यता जळक्या सेल्युलॉइडमधून आणि दूरदूरच्या डब्यांमधून आलेली आहे.

पुण्याला हे भाग्य पूर्णतः लाभले नाही. जानेवारी २००३ मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे एके काळच्या प्रभात स्टुडिओच्याच आवारात नायट्रेट पट्ट्यांना आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. त्यांत प्रभातचाही ठेवा होता. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित पट्टीवर उतरवल्या गेल्या होत्या ते चित्रपट पाहण्यापुरते उरले. त्यांचा सर्वांत जुना साक्षीदार मात्र गेला. येथे वस्तुनिष्ठ प्रतीच्या भक्तांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की सेल्युलोज नायट्रेट ही स्वतःच स्वतःचा शत्रू असलेली वस्तू आहे. पाण्याखालीही जळणारी ही पट्टी कोडॅकने १९५० च्या दशकारंभी बनवणे थांबवले. तिच्या जागी आलेली ॲसिटेट पट्टी आगीपासून सुरक्षित असली तरी आंबट वास सोडत आकसते. द्रव्यरूप म्हणून टिकाऊ, हे समीकरण भाबडे आहे.

त्याच्या उलट बाजूचे समीकरणही तितकेच भाबडे आहे. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन ॲकॅडमीच्या विज्ञान-तंत्र परिषदेने २००७ मध्ये केलेल्या पाहणीत एका चित्रपटाची मूळ पट्टी जतन करण्याचा वार्षिक खर्च १०५९ डॉलर, तर त्याच्या उच्च दर्जाच्या अंकीय मूळ प्रतीचा १२,५१४ डॉलर इतका आढळला होता. साठवण तेव्हापासून स्वस्त झाली आहे, परंतु कारण बदललेले नाही. पट्टी थंड, कोरड्या खोलीत ठेवली की ती दुर्लक्ष सहन करते. अंकीय संचिकेला दुर्लक्ष सोसत नाही. ज्या चुंबकीय फितींवर तिची साठवण होते त्यांची नवी यंत्रे मागच्या एक-दोन पिढ्यांच्याच फिती वाचतात, त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने सर्व मजकूर नव्या फितीवर उतरवत राहावे लागते. जुन्या मठांतून दर पिढीला पोथी नव्याने उतरवली जाई तशीच ही प्रथा आहे. फरक इतकाच, की पोथी एखादी पिढी उतरवायची राहिली तरी वाचता येत असे.

४

प्रतीचे गुणदोष तिच्या आशयात कसे झिरपतात, याचे उदाहरण मराठी घरांतूनच देता येईल. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हीसीडी घरोघर पोहोचली. २००६-०७ च्या सुमारास एका तबकडीची किंमत अठ्ठावीस रुपयांपर्यंत खाली आली, आणि जो प्रेक्षक चित्रपटगृहाच्या मॅटिनी खेळावर अवलंबून होता त्याच्याकडे प्रभातपासून दादा कोंडके यांच्यापर्यंतचा संग्रह जमू लागला. या तबकडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, आणि तिच्यात सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे मावत. त्यामुळे दिग्दर्शकाने कल्पिलेल्या मध्यंतराशी काही संबंध नसलेले एक दुसरेच मध्यंतर चित्रपटात अवतरले. प्रसंगाच्या ऐन मध्यावर पडदा निळा होई, कोणीतरी उठून तबकडी बदली. ज्या पिढीने 'संत तुकाराम' असा पाहिला तिच्या मनात त्या चित्रपटाची घडण या खंडासह रुजली आहे. ग्रहणाच्या इतिहासात अशा खंडाची दखल घेण्याची आपल्याकडे रीत नाही.

याहून सूक्ष्म फरक वेगाचा आहे. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो. भारतात रूढ असलेली व्हिडिओची प्रणाली पंचवीस चौकटींची. चोवीस चौकटींचा मजकूर पंचवीसवर उतरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तो किंचित घाईने चालवणे. या रीतीने तयार झालेल्या प्रतीत दोन तासांचा चित्रपट जवळपास पाच मिनिटांनी आखूड होतो आणि ध्वनी वेगळा दुरुस्त केला नसेल तर गाण्याची पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने वर चढते. विष्णुपंत पागनीस यांच्या आवाजाविषयी, त्यांच्या गायनातील ठहरावाविषयी लिहिणाऱ्याने आपण कोणत्या वेगाचे पागनीस ऐकले, हे तपासायला नको काय? तीच गोष्ट चौकटीची. त्या काळची चौकट चौरसाकडे झुकणारी होती. आजच्या रुंद पडद्यावर ती पसरून बसवायची तर वरून-खालून मिळून पाव चौकट छाटावी लागते. शेवटच्या वैकुंठगमनाच्या दृश्यात जमिनीवर उरलेली जिजाई आणि वर जाणारे विमान यांतील अंतर हाच फत्तेलाल आणि दामले यांच्या रचनेचा अर्थ आहे. छाटलेल्या चौकटीत तो अर्थ नष्ट होत नाही, परंतु अंतर आखूड होते, आणि या चित्रपटात अंतर आखूड होणे ही किरकोळ बाब नव्हे.

जाता जाता याच चित्रपटाच्या एका वेगळ्या पाठप्रश्नाचे स्मरण करणे अस्थानी ठरणार नाही. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक पद पुढे अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले, आणि जाणत्यांनीही ते गाथेत शोधले. छापील गाथा हाती होती, तिच्या अनेक आवृत्त्या ग्रंथालयांतून होत्या, म्हणूनच ते पद तेथे नाही हे सिद्ध करता आले. गाथा जर केवळ एका ठिकाणाहून प्रवाहित होत असती, आणि लोकांच्या आग्रहाखातर त्या ठिकाणच्या व्यवस्थापकाने ते पद तिच्यात घालून टाकले असते, तर प्रक्षिप्त ही संज्ञाच निरर्थक झाली असती.

५

ही भीती काल्पनिक नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'ई. टी.'मध्ये (१९८२) मुलांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसांच्या हातांत बंदुका होत्या. २००२ च्या आवृत्तीत त्या जागी वॉकीटॉकी आले, आणि पुढे दिग्दर्शकानेच मूळ रूपाला पसंती देऊन २०१२ च्या ब्लू-रेवर ते परत आणले. येथे दोन्ही पाठ प्रतिरूपाने अस्तित्वात होते, त्यामुळे लेखकाचा पहिला हेतू आणि नंतरचा हेतू यांतील वाद उघडपणे चालू शकला. कादंबरीकार नव्या आवृत्तीत प्रकरण बदलतो तेव्हा जसा चालतो तसा. परंतु २०२३ मध्ये 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या चित्रपटाच्या प्रवाहित रूपातून वंशवाचक शिवी असलेला काही सेकंदांचा भाग गाळला गेल्याचे प्रेक्षकांच्या ध्यानात आले. आवृत्तीचा उल्लेख नव्हता, संपादकाचे टिपण नव्हते, चित्रपटाच्या नावापुढे साल १९७१ हेच होते. जुनी तबकडी ज्यांच्या हाती होती त्यांनाच दोन पाठ शेजारी ठेवून पाहता आले. ती शिवी चित्रपटात असावी की नसावी, याविषयी मतभेद होऊ शकतात. असला मतभेद होण्यासाठी ती तेथे होती हे आधी ठाऊक असावे लागते.

याहून टोकाचे उदाहरण भारतातले आहे. 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहांतून प्रदर्शित झाला, महिनाअखेर प्रवाहमाध्यमावर आला आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारींनंतर जानेवारी २०२४ मध्ये तेथून काढून घेण्यात आला. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र त्याला मिळालेले होते. ज्या काळात आक्षेपार्ह पुस्तकावर बंदी येई त्या काळात विकल्या गेलेल्या प्रती लोकांच्या घरांतून हुडकून काढणे सरकारला शक्य नसे. बंदी पुढच्या विक्रीवर येत असे, मागच्या वाचनावर नाही. प्रवाहातून काढून घेतलेली कृती ज्याने दाम मोजले त्याच्याकडूनही त्याच क्षणी जाते. निषिद्ध वाङ्मयाचा इतिहास लिहिता आला तो अशा लपून राहिलेल्या प्रतींमुळे.

कृतीच्या उंबरठ्यावर असलेला मजकूरही याच व्यवस्थेत झिजतो. जेरार जेनेत यांनी १९८७ च्या ग्रंथात मुखपृष्ठ, प्रस्तावना, अर्पणपत्रिका यांसारख्या मजकुराची मीमांसा केली. डीव्हीडीने चित्रपटाला असा उंबरठा भरभरून दिला होता. दिग्दर्शकाचे निवेदन, गाळलेली दृश्ये, पुस्तिका यांमुळे तबकडी ही सटीप आवृत्तीच्या जवळ गेली होती. प्रवाहात श्रेयनामावली सुरू होताच चित्र कोपऱ्यात आक्रसते आणि पुढच्या चित्रपटाची जाहिरात त्यावर चढते. ज्यांनी चित्रपट घडवला त्यांची नावे वाचण्यासाठी प्रेक्षकाला धडपड करावी लागावी, याला काय म्हणावे?

६

एवढ्यावरून संग्राहकाचा जयजयकार करण्याचे कारण नाही. बेंजामिन यांनीच १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाच्या पेट्या उघडताना संग्राहकाच्या वासनेचे जे विश्लेषण केले ते आजच्या तबकडी-संग्राहकालाही लागू पडते. मर्यादित आवृत्ती, धातूचे वेष्टण, न उघडलेले सील यांत रमणारा संग्राहक प्रतीचा वाचक असतोच असे नाही. सीलबंद तबकडी ही पाठचिकित्सेच्या दृष्टीने न वाचलेली पोथी होय. संग्राहकांची दृष्टी प्रामुख्याने लोकप्रिय आणि परदेशी चित्रपटांवर असते. १९५० आणि ६० च्या दशकांतील मराठी चित्रपटांपैकी कित्येकांची धड तबकडीही कधी निघाली नाही, आणि जी निघाली ती कोणत्या प्रिंटवरून, हे वेष्टणावर लिहिण्याची तसदी उत्पादकांनी घेतली नाही. शिवाय प्रवाहाने एक गोष्ट दिली आहे, ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज ओझू किंवा घटक पाहता येतो. एके काळी त्यासाठी पुण्यास यावे लागे आणि संग्रहालयाच्या खेळाचे वेळापत्रक सांभाळावे लागे. रेमों बेलूर यांनी १९७५ मध्ये चित्रपट ही हाती न लागणारी संहिता आहे, असे म्हटले होते, कारण समीक्षकाला तिचे अवतरण देता येत नव्हते, ती थांबवता येत नव्हती. व्हिडिओने ती थांबवता आली. लॉरा मल्व्ही यांनी २००६ मध्ये याच थांबवण्याच्या सामर्थ्यातून निर्माण होणाऱ्या नव्या प्रेक्षकाचा विचार मांडला. प्रवाहातही चित्र थांबते. अडचण ही, की सहा महिन्यांनी प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकाला तेच चित्र त्याच जागी थांबवता येईल याची शाश्वती नसते.

म्हणजे प्रश्न वाचनाच्या सोयीचा नसून पुराव्याच्या पडताळणीचा आहे. आणि येथे सार्वजनिक संग्रहाला खासगी कपाटाचा पर्याय नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मार्च २०२२ अखेर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे बावीसशे चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. पुनरुज्जीवन हा शब्द उत्साहवर्धक असला तरी अभ्यासकाने त्याच्या मागे जाऊन पाहायला हवे. कोणत्या प्रिंटवरून, कोणते तुकडे जोडून, ओरखडे पुसताना मूळचे काय पुसले गेले, याची नोंद प्रत्येक चित्रपटासोबत प्रसिद्ध झाली तर ती चिकित्सक आवृत्ती. नोंद नसेल तर ती केवळ स्वच्छ प्रत. जुन्या ग्रंथमालांचे संपादक दुरुस्त केलेल्या शब्दाचा मूळ पाठ तळटीपेत देत. चित्रपटाच्या संपादकाकडून तेवढीच अपेक्षा आहे.

मराठी अभ्यासकाला याची निकड विशेष आहे, कारण प्रभातचे कितीतरी चित्रपट मुळातच दोन पाठांत जन्मले. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित झाला. त्या काळी ध्वनी बदलून काम भागवण्याची रीत नव्हती. 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) यांत हा भेद अर्थगर्भ होतो. दोन्हींत मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांची. परंतु मराठीत त्यांच्यासमोर केशवराव दाते उभे राहतात आणि हिंदीत मझहर खान. हिंदीत हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू शेजारी साकारला, ही शांतारामांची योजना मराठी पाठात नाही. तरीही अनेक लेखांतून हे दोन चित्रपट एकाच कृतीची दोन नावे म्हणून येतात, आणि हिंदी प्रत अधिक सहज मिळते म्हणून तिच्यावरून काढलेले निष्कर्ष मराठी चित्रपटावर लादले जातात. हाती जी प्रत पडली तिच्यावरून कृतीचा निवाडा करण्याची ही रीत ज्ञानेश्वरीच्या बाबतीत एकही विद्यापीठ खपवून घेणार नाही.

'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट याहून पुढची आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शित झालेल्या या चार रिळांच्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या संग्रहात आहेत, असे पूर्वी निःशंकपणे मानले जाई. फाळके यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळे त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून प्रत्येक समारंभात दाखवली जाणारी दृश्ये आरंभाची आहेत की चार वर्षांनंतरची, हा वाद आहे. असल्या वादात कथानक, पात्रे, नेपथ्य यांच्याइतकाच उपयोग पट्टीच्या कडेचा होतो. छिद्रांची घडण, उत्पादकाने कडेवर उठवलेल्या कालदर्शक खुणा, सांधे कोठे आहेत आणि ते चिकटवण्याची रीत कोणत्या काळची, या गोष्टी पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेसारख्या असतात. लेखनिकाचे नाव, शक, गाव त्यांतच सापडते. चित्रपटाचे अंकीकरण होताना बहुधा फक्त चित्राची चौकट टिपली जाते आणि कड वगळली जाते, कारण प्रेक्षकाला ती दिसायची नसते. 'राजा हरिश्चंद्र'च्या ज्या प्रती आज संगणकावर सर्वत्र फिरतात त्यांत ही कड नाही.